ट्रॅकची गाडी आणि काशीचा रस्ता

२३ सप्टेंबर २०२३ च्या शनिवारी उत्तर प्रदेशात खेळाच्या जगातल्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या. वाराणसीजवळ गंजारी इथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियमची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. त्याच दिवशी, तिथून सुमारे आठशे किलोमीटरवर, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातल्या पहिल्यावहिल्या मोटोजीपी मोटरसायकल स्पर्धेची स्प्रिंट शर्यत झाली. ती होर्हे मार्टिनने जिंकली, तर दुसऱ्या दिवशीची मुख्य शर्यत मार्को बेझेचीने. क्रिकेटचे स्टेडियम वाराणसीच्या वेशीवर आले. मोटोजीपी मात्र पुढच्या वर्षी आलीच नाही. २०२४ ची भारतातली फेरी रद्द झाली.

शर्यत गेली, पण तिने लावलेली ओढ राहिली. मोठ्या स्पोर्ट्स बाइक आता महानगरांपुरत्या उरलेल्या नाहीत. ज्या तरुणांनी तीन-चार वर्षे केटीएम आरसी ३९० किंवा कावासाकी निन्जा ६५० चालवली, त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो: आता थेट ट्रॅकच्या घराण्यातली गाडी घ्यावी का? ६५० देऊन कावासाकीचीच झेडएक्स-६आर घ्यावी, की सरळ लिटर क्लासकडे, म्हणजे हजार सीसीच्या गाडीकडे जावे? हा प्रश्न पुण्यात पडतो, इंदूरमध्ये पडतो, तसाच काशीतही पडतो. काशीत तो अधिक नेमका विचारावा लागतो, कारण ही गाडी ज्या कामासाठी जन्मली त्या कामाची जागा तिथे जवळपास कुठेच नाही.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगेच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घराणी काशीत आहेत आणि त्यांच्या घरातही वेगाची ओढ असलेली मुले-मुली आहेत. दुसरे असे की, या गाड्यांचा मोठा हिस्सा आपल्याच मातीवर तयार होतो. केटीएमच्या आरसी मालिकेतल्या गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून जगभर जातात. निन्जा ६५० आणि हजार सीसीची झेडएक्स-१०आर याही भारतीय ग्राहकासाठी चाकणलाच जोडल्या गेल्या आहेत. जे राज्य ही यंत्रे बनवते, त्याने ती चालवायची कुठे याचाही विचार करायला हवा.

आधी बदल नेमका काय होतो ते पाहू. निन्जा ६५० आणि झेडएक्स-६आर शेजारी उभ्या केल्या तर कागदावर त्या बहिणी वाटतात. एकीचे इंजिन ६४९ सीसीचे, दुसरीचे ६३६ सीसीचे. वजन दोघींचेही दोनशे किलोच्या किंचित आत. तरीही पहिलीची ताकद ६८ पीएस आणि दुसरीची सव्वाशेच्या आसपास. इंजिन लहान, वजन सारखे आणि ताकद जवळपास दुप्पट, हे कसे होते? उत्तर इंजिनाच्या फेऱ्यांत आहे. ६५० ला दोन सिलिंडर आहेत. तिचा ६४ न्यूटन-मीटरचा सर्वाधिक टॉर्क मिनिटाला ६,७०० फेऱ्यांवर मिळतो. ६आरला चार सिलिंडर आहेत. तिचा टॉर्क सुमारे ६९ न्यूटन-मीटर, म्हणजे जेमतेम पाचाने जास्त, आणि तोही ११,००० फेऱ्यांच्या जवळ गेल्यावर. सर्वाधिक ताकद तर १३,००० ला. ताकद म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार. ट्रॅकच्या गाडीने तो गुणाकार फेऱ्या वाढवून साधलेला असतो.

याचा अर्थ सिग्रा ते लंका असा काशीतला रोजचा रस्ता कापणाऱ्याने नीट समजून घ्यावा. तिथे इंजिन तीन ते पाच हजार फेऱ्यांच्या वर क्वचितच जाते. त्या पट्ट्यात जुनी ६५० नव्या ६आरपेक्षा अधिक तत्पर वाटते. मूठ किंचित पिळली की ती उचलते. ६आर त्या पट्ट्यात शांत, काहीशी सुस्त असते. तिच्यासाठी जे पैसे मोजले ते आठ-नऊ हजारांच्या पुढे वसूल होऊ लागतात आणि तिथवर पोचेपर्यंत शहरातला कोणताही रस्ता संपलेला असतो. हजार सीसीच्या गाडीत हे आणखी टोकाला जाते. तिचा पहिला गिअरच ताशी शंभर किलोमीटरच्या बराच पुढे जातो. उरलेले पाच गिअर कशासाठी आहेत, याचे प्रामाणिक उत्तर ट्रॅक हेच आहे.

ताकदीची चर्चा सगळेच करतात. बसण्याची ठेवण, चेसिस आणि टायर यांची फार कमी होते, आणि खरा फरक तिथेच पडतो.

ट्रॅकच्या गाडीचे हँडल म्हणजे दोन वेगळे तुकडे. त्यांना क्लिप-ऑन म्हणतात आणि ते फोर्कच्या नळ्यांवर खाली बसवलेले असतात. फूटरेस्ट मागे आणि वर असतात, सीट उंच असते. ६५० ची ७९० मिलिमीटर, ६आरची ८३०. चालकाचे अंग त्यामुळे पुढे झुकते आणि भार मनगटांवर येतो. ही रचना चुकीची नाही. ताशी दीडशेच्या पुढे समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटे मोकळी होतात. वळणावर शरीर आत काढायला मागचे-वरचे फूटरेस्ट लागतातच. गाडी जमिनीकडे खूप झुकली तरी ते घासत नाहीत. पण गोदौलियाच्या चौकात ताशी दहा किलोमीटरने सरकताना आधार द्यायला वारा नसतो. शरीराचा सगळा भार दोन तळहातांवर येतो आणि अर्ध्या तासात बोटे बधिर होतात. क्लच दाबताना ती बोटे हवी असतात. बधिर हाताने ब्रेक मारणारा चालक हा अनुभवी असला तरी धोक्यात असतो.

हँडल वळण्याचा कोनही कमी असतो, कारण फेअरिंग आणि टाकी यांना हात लागू नयेत. ट्रॅकवर कुणी गाडी जागच्या जागी फिरवत नाही. ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत मात्र तेच रोज करावे लागते. तिथे दोनशे किलोची उंच गाडी तीन-तीनदा पुढे-मागे ढकलून वळवायची म्हणजे एका माणसाचे काम नाही. काशीच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्याने शोरूममध्ये पहिला प्रश्न ताकदीचा विचारू नये. गाडी रात्री उभी कुठे राहील, आणि तिथून ती सकाळी बाहेर कशी काढायची, हे आधी ठरवावे.

सस्पेन्शनचे गणित असे. ट्रॅकवर डांबर सपाट असते आणि सगळा ताण ब्रेकचा व वळणाचा असतो. ताशी अडीचशेवरून नव्वदवर येताना पुढचा फोर्क पार दबू नये म्हणून स्प्रिंग कडक ठेवतात; दबण्याचा आणि परत येण्याचा वेग वेगवेगळा बसवता येतो. ही सोय अतिशय उपयोगी आहे, पण ती नीट लावता येणारा माणूस लागतो. चालकाचे वजन, टायरमधली हवा, ट्रॅकचे तापमान यांप्रमाणे ती बदलावी लागते. कारखान्यातून जशी आली तशीच गाडी खड्ड्यात घातली की चाक रस्ता सोडते, आणि ज्या क्षणी चाक हवेत असते त्या क्षणी जगातला सर्वोत्तम ब्रेकही निकामी असतो. ६५० चा मऊ, साधा फोर्क त्याच खड्ड्यावर चाक जमिनीला धरून ठेवतो. कमी दर्जाची मानली जाणारी वस्तू रस्त्यावर अधिक सुरक्षित ठरते.

टायरचे तर त्याहून स्पष्ट आहे. ट्रॅकसाठीचे रबर गरम झाल्यावरच चिकटते. शर्यतीत टायरला गरम पट्टे गुंडाळून त्याचे तापमान सत्तर-ऐंशी अंशांवर नेतात आणि मगच गाडी पिट लेनमधून सुटते. पूर्वांचलात डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, सकाळी पारा दहाच्या खाली असताना, तेच टायर रस्त्यावर कधी तापतच नाहीत. त्यांची खाचही कमी असते. पावसाळ्यात पाणी बाहेर फेकायला ती अपुरी पडते. साधा स्पोर्ट-टूरिंग टायर त्या सकाळी अधिक पकड देतो आणि कितीतरी जास्त चालतो. महाग टायर म्हणजे जास्त पकड, हा समज आम्ही अनेक अनुभवी चालकांकडूनही ऐकतो. तो समज घेऊन कुणी ओल्या रस्त्यावर उतरू नये, एवढी कळकळीची विनंती इथेच करतो.

मे-जूनमध्ये वाराणसीत पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. चार सिलिंडरचे, तेरास एक कॉम्प्रेशनचे इंजिन मुंगीच्या पावलांच्या वाहतुकीत तापते. रेडिएटरचा पंखा सतत चालतो आणि ती हवा चालकाच्या मांड्यांवर येते. डुकाटीने आपल्या व्ही-फोर इंजिनांत गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद ठेवण्याची युक्ती केली, ती याच त्रासामुळे.

मग इलेक्ट्रॉनिक्स? ट्रॅक्शन कंट्रोल, वळणात काम करणारे एबीएस, पुढचे चाक उचलू न देणारी यंत्रणा, सहा अक्षांवर गाडीचा कल मोजणारा सेन्सर: हे सगळे आधुनिक लिटर क्लासमध्ये असते आणि त्याने अनेक जीव वाचवले असतील. पण ही यंत्रणा गाडीचे चाक काय करते एवढेच पाहते. समोरच्या गल्लीतून निघणारी ई-रिक्षा, दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेने येणारा दुधवाला, रस्त्याच्या मधोमध शांत उभा असलेला वळू हे काही तिला दिसत नाही. ताशी ६० ला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. १६० ला ४४ मीटर. माणसाला धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो. त्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. हे गणित कोणतेही सॉफ्टवेअर बदलू शकत नाही.

वाराणसीच्या आसपासचे रस्ते गेल्या काही वर्षांत खूप सुधारले, हे खरे. रिंग रोडचा पहिला टप्पा आणि बाबतपूर विमानतळाचा चौपदरी रस्ता यांचे उद्घाटन नोव्हेंबर २०१८ मध्ये झाले. लखनौहून गाझीपूरपर्यंत जाणारा ३४० किलोमीटरचा पूर्वांचल एक्स्प्रेसवे नोव्हेंबर २०२१ मध्ये खुला झाला. महाराष्ट्रात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. उत्तर प्रदेशातल्या द्रुतगती मार्गांवर ती टोल भरून जाऊ शकते. मोकळा, सरळ, गुळगुळीत रस्ता समोर आला की हाताला मोह होतो. मे २०२३ मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवर अलीगढ जिल्ह्यात देहरादूनचा एक तरुण यूट्यूबर हजार सीसीच्या गाडीवर ताशी तीनशेचा आकडा गाठण्याच्या प्रयत्नात दुभाजकावर आदळून गेला. त्याची गाडी तो वेग गाठू शकत होती. रस्ता त्या वेगासाठी बांधलेला नव्हता. रस्त्याला दुभाजक असतो, ट्रॅकला त्या जागी मोकळी खडी आणि टायरच्या भिंती असतात.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोटरसायकलची कमाल मर्यादा द्रुतगती मार्गावर आणि चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर ताशी ८०, शहरात ६०. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे; २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यातले बहुतेक मोठ्या गाड्यांवर नव्हते, साध्या शंभर-सव्वाशे सीसीवर होते, हे मान्य करूनच आम्ही हे लिहितो. ज्या रस्त्यावर शंभर सीसीची गाडी इतकी असुरक्षित आहे, त्यावर दोनशे पीएसच्या गाडीची क्षमता आजमावणे हा स्वतःपुरता धोका राहत नाही. पायी चालणाऱ्या यात्रेकरूचा त्यात काही वाटा नसताना तो त्यात ओढला जातो.

विम्याचा मुद्दा तर फार थोड्यांना ठाऊक असतो. आपल्याकडच्या मोटार विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वासार्हता चाचणी यांसाठी केलेला वापर त्यात वगळलेला असतो. म्हणजे गाडी ट्रॅकवर पडली तर दुरुस्तीचा खर्च जवळपास नक्कीच मालकाच्या खिशातून. फेअरिंग, क्लिप-ऑन, लिव्हर, रेडिएटर असे एका साध्या घसरणीतही काही लाखांचे बिल होऊ शकते. हप्ते भरून घेतलेली, अजून कर्जात असलेली नवी गाडी थेट ट्रॅकवर न्यायची की नाही, हे ठरवण्याआधी पॉलिसीचा कागद एकदा वाचावा.

या बदलाच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण ओढ खरी आहे आणि तिची टिंगल करणे अन्यायाचे होईल. गाडी ट्रॅकवर नीट चालवणे ही विद्या आहे. ब्रेक कधी सोडायचा, नजर कुठे ठेवायची, वळणाच्या आतल्या टोकाला केव्हा शिवायचे, मूठ किती हळुवार उघडायची याला शिस्त लागते, वर्षे लागतात. जो हे शिकतो तो रस्त्यावरही अधिक सावध होतो, कारण त्याला आपल्या मर्यादांची खरी मापे कळलेली असतात. एकाच दिशेची वाहतूक, झेंडे घेऊन उभे मार्शल, रुग्णवाहिका, पडल्यावर घसरत जायला मोकळी जागा: वेग आजमावायचा तर याच वातावरणात. तरीही ट्रॅक म्हणजे अभय नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. संघटित खेळातही वय, प्रशिक्षण आणि सुरक्षेचे नियम यांवर कठोर राहावे लागते, याची ती दुःखद आठवण आहे.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनीच आता रेषा ओढायला सुरुवात केली आहे. यामाहाची आर६ ही सहाशे सीसीतली नावाजलेली गाडी. २०२० नंतर युरोपात ती रस्त्यासाठी मिळेनाशी झाली आणि फक्त ट्रॅकसाठीची आवृत्ती उरली. २०२५ पासून युरोपात यामाहाच्याच हजार सीसीच्या आर१ चीही तीच वाट झाली. कारण मुख्यतः प्रदूषणाच्या नियमांचे होते. बारा-तेरा हजार फेऱ्यांवर जगणाऱ्या इंजिनाला ते नियम पाळणे महाग पडते. कारण काहीही असो, परिणाम स्पष्ट आहे: ट्रॅकची गाडी आणि रस्त्याची गाडी या दोन वेगळ्या वस्तू होत चालल्या आहेत आणि एकाच गाडीने दोन्ही कामे करण्याचा काळ मागे पडतो आहे.

काशीला हे समजायला जड जाऊ नये. तुळशीघाटावरच्या स्वामीनाथ आखाड्यात पहाटे जड गदा फिरते, जोडी फिरते. ती ताकद कमावण्याची जागा मऊ मातीची आहे आणि ती शहराने शतकानुशतके राखली आहे. तिथे तयार झालेला मल्ल बाजारातून जाताना गदा फिरवत जात नाही. मोटरसायकलवाल्याला मात्र आपण गदा विकली आणि आखाडा बांधायचा राहून गेला.

आखाडे देशात किती आहेत? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला ट्रॅक १९९० चा. त्याआधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे दोन किलोमीटरचा. कोल्हापूरजवळचा मोहिते ट्रॅक लहान आहे, पण शिकणाऱ्याला लहान ट्रॅकच जास्त उपयोगी असतो. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. आणि सर्वांत मोठा बुद्ध सर्किट: हर्मन टिल्केच्या आराखड्यावर बांधलेला, पाच किलोमीटरहून लांब, २०११ मध्ये खुला झालेला. तिथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. राज्य सरकारने त्या स्पर्धेला खेळ न मानता करमणूक मानले आणि करमणूक कराचा वाद झाला. २०१३ नंतर फॉर्म्युला वन परत आली नाही. त्यानंतर ट्रॅकच्या जमिनीचे वाटप २०२० मध्ये तिथल्या विकास प्राधिकरणाने रद्द केले आणि प्रकरण न्यायालयात गेले. वाराणसीच्या चालकाला जवळचा म्हणावा असा हाच ट्रॅक, तोही आठशे किलोमीटरवर आणि या अवस्थेत. चेन्नई तर त्याच्या दुपटीहून लांब आहे.

आठशे किलोमीटर ट्रॅकच्या गाडीवर बसून जाणेही शहाणपणाचे नाही. सरळ रस्त्यावर मऊ रबराचा टायर मधोमध झिजून सपाट होतो आणि ट्रॅकवर पोचेपर्यंत तो वळणाच्या कामाचा उरत नाही. चालकही थकलेला असतो. म्हणजे पिकअप किंवा ट्रेलर, दोन दिवसांचा मुक्काम, लेदर सूट, पाठीचे कवच, मान्यताप्राप्त हेल्मेट, जादा टायर आणि ट्रॅकची फी. गाडीच्या किमतीइतकाच हा खर्च खरा आहे. झेडएक्स-६आर जानेवारी २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा तिची शोरूममधली किंमत ११ लाख ९ हजार होती. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलींवर जीएसटी ४० टक्के झाला, आधी तो सेससह ३१ टक्के होता. इतका कर घेणाऱ्या शासनाकडे या चालकांनी सुरक्षित जागा मागितली तर ती मागणी अवाजवी नाही.

उत्तर प्रदेश सरकारने बुद्ध सर्किटचा वाद लवकर मिटवून तो ट्रॅक वर्षातले ठरावीक दिवस सामान्य चालकांसाठी, परवडेल अशा शुल्कात, प्रशिक्षकांसह खुला करावा. पूर्वांचलासाठी फॉर्म्युला वनच्या दर्जाचा ट्रॅक लागत नाही. दीड-दोन किलोमीटरची, चांगल्या डांबराची, भोवती मोकळी जागा असलेली पट्टी पुरे; शोलावरमच्या धावपट्टीने कित्येक वर्षे दक्षिणेला हेच दिले. महाराष्ट्र सरकारलाही आमचे हेच सांगणे आहे. चाकणला जगासाठी गाड्या बनतात, पण बुद्ध सर्किटच्या दर्जाचा एकही ट्रॅक राज्यात नाही. उद्योग आणि क्रीडा ही दोन खाती एकत्र बसली तर हे अशक्य नाही.

सरकार जागे होईपर्यंत ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी आमचा क्रम असा आहे. हातातली ३९० किंवा ६५० विकू नका. तिचे टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदला, फोर्कचे तेल बदला, आणि तिच्यावरच एखाद्या ट्रॅक शाळेत जा; कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलसारख्या संस्थेचे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवर होत आले आहेत. ६८ पीएसची गाडी त्या ट्रॅकवर पूर्ण ताकदीने चालवता येऊ लागली आणि ती अपुरी पडते असे घड्याळाने, लॅपच्या वेळेने सांगितले, तर पुढची गाडी घ्या. शक्य असेल तर ती जुनी घ्या, फक्त ट्रॅकसाठी ठेवा आणि घाटाच्या गल्लीत नेऊ नका. रोजच्या रस्त्याला ६५० राहू द्या. आणि वर्षातून दोनदा तरी ट्रॅकवर जाण्याची सोय ज्यांना करता येत नाही, त्यांनी ही अदलाबदल करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.